शिकागोत काय पाहावे?

(एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला)

शिकागो हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी प्रथम ऐकले ते वक्तृत्व स्पर्धेत. दर जानेवारीत कोणीतरी भगवा फेटा बांधून व्यासपीठावर येतो, ११ सप्टेंबर १८९३ चा तो दिवस, ते संबोधन आणि त्या टाळ्या यांचे वर्णन करतो आणि बक्षीस घेऊन जातो. पण ते सभागृह कोठे होते, ते शहर कसे होते, आज तेथे काय आहे, हे कोणताच वक्ता सांगत नाही. दुसऱ्यांदा हे नाव मला भेटले ते इतिहासाच्या पुस्तकात, जागतिक कामगार दिनासंबंधीच्या अवघ्या दोन ओळींत. एकाच शहराची ही दोन टोके पाहून कुतूहल वाटले आणि मिळेल ते वाचत गेले.

मी शिकागो पाहिलेले नाही. आमच्या घरातून जिल्ह्याच्या ठिकाणी शिकायला आलेली मीच पहिली, तेव्हा अमेरिकेच्या गोष्टी सध्या कागदावरच. परंतु प्रवासी ज्या स्थळांपुढे उभे राहून छायाचित्रे काढतात, ती स्थळे तेथे का आणि कशी उभी राहिली, हे कळण्यासाठी विमानाचे तिकीट लागत नाही. त्या हेतूने हा लेख.

प्रथम शहराची जागा. मिशिगन सरोवराच्या नैर्ऋत्य काठावर हे शहर वसले आहे. 'सरोवर' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर गावचे तळे किंवा फार तर लोणार येते. मिशिगन सरोवराचे क्षेत्रफळ सुमारे ५८ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचा जवळजवळ पाचवा हिस्सा, आणि सगळे गोडे पाणी! पलीकडचा काठ दिसत नाही. ज्या ओल्या सखल जमिनीवर हे शहर उभे राहिले, तेथे रानकांद्यासारखी एक उग्र वासाची वनस्पती माजलेली असे. तिचे तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतले नाव फ्रेंचांच्या तोंडी बदलले आणि 'शिकागो' झाले. बाहेरून येऊन तेथे कायमचे घर करणारा पहिला माणूस झां बातिस्त पॉइंट द्यु साब्ल हा कृष्णवर्णीय व्यापारी होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस नदीच्या मुखाशी त्याचे घर होते. सरोवराकाठच्या प्रसिद्ध रस्त्याला त्याचे नाव मिळाले ते मात्र २०२१ साली.

प्रवाशांना सर्वप्रथम उंच इमारती दाखवतात. या इमारतींचे मूळ एका आगीत आहे. ८ ते १० ऑक्टोबर १८७१ असे तीन दिवस शिकागो जळत होते. घरे लाकडाची, रस्त्यांकडेच्या पायवाटाही लाकडाच्या, त्यात कोरडा वारा. सुमारे ३०० माणसे दगावली आणि एक लाख लोक बेघर झाले. आगीचा ठपका आला तो कॅथरीन ओलिअरी या गरीब आयरिश बाईच्या गाईवर. गाईने लाथ मारून कंदील पाडला, अशी वदंता वर्तमानपत्रांनी पसरवली. शहराच्या नगरसभेने या बाईला आणि तिच्या गाईला अधिकृतपणे निर्दोष ठरवले ते १९९७ साली, तब्बल १२६ वर्षांनी. दूध विकून पोट भरणाऱ्या, परक्या देशातून आलेल्या बाईवर आळ घेणे सोपे होते, इतकेच त्यातून दिसते. आगीतून वाचलेला १८६९ सालचा दगडी पाण्याचा मनोरा मिशिगन अॅव्हेन्यूवर आजही उभा आहे. चोहोबाजूंच्या उंच इमारतींत तो खेळण्यासारखा दिसतो.

शहराचा मध्यभाग बेचिराख झाल्यामुळे नव्याने बांधायला मोकळी, पण महाग जागा मिळाली. महाग जागेवर उंच बांधणे भाग असते. अडचण अशी की विटांच्या इमारतीचे सगळे ओझे भिंतींवर पडते. जितके मजले वाढवावे, तितकी तळाची भिंत जाड करावी लागते. १८९१ ची सोळा मजली मोनॅडनॉक इमारत याचा पुरावा म्हणून अजून उभी आहे. तिच्या तळाच्या भिंती सुमारे सहा फूट जाड आहेत! खालच्या मजल्यावर दुकान थाटावे तर निम्मी जागा भिंतीच खाणार. यावर तोड त्याआधीच, १८८५ साली, विल्यम ले बॅरन जेनी याने त्याच शहरात काढली होती. त्याने इमारतीचे ओझे लोखंडी सांगाड्यावर घेतले. भिंत उरली ती केवळ पडद्यापुरती. त्याची दहा मजली होम इन्शुरन्स इमारत पुष्कळ अभ्यासक पहिली गगनचुंबी इमारत मानतात. ती १९३१ साली पाडली गेली, त्यामुळे पाहायला मिळत नाही.

पाहायला मिळतो तो विलिस टॉवर. १९७३ पासून १९९८ पर्यंत ही जगातील सर्वांत उंच इमारत होती. उंची ४४२ मीटर. तेव्हा तिचे नाव सिअर्स टॉवर होते, २००९ साली ते बदलले. १०३ व्या मजल्यावर प्रवाशांसाठी सज्जा आहे आणि त्याला लागून भिंतीबाहेर काढलेली काचेची खोकी आहेत. पायाखाली काच, काचेखाली रस्ता. लोक पैसे देऊन घाबरायला जातात! पण मला त्या काचेपेक्षा या इमारतीची रचना करणारा माणूस मोठा वाटतो. फजलुर रहमान खान यांचा जन्म १९२९ साली ढाक्यात झाला. त्यांनी कलकत्त्याजवळच्या शिबपूर येथील अभियांत्रिकी महाविद्यालयात शिक्षण घेतले आणि पुढे ते अमेरिकेत गेले. फार उंच इमारतीचा खरा शत्रू तिचे वजन नव्हे, तर वारा. वारा तिला बाजूने ढकलतो, वाकवतो. खान यांनी तोडगा काढला तो असा : एक इमारत बांधायची नाही, नऊ चौकोनी नळ्या एकमेकींना चिकटवून बांधायच्या. शेतात कडब्याचे एक धाट उभे करून पाहा, राहणार नाही. पेंढी बांधली की उभी राहते. हेच तत्त्व. शिवाय नऊही नळ्या शेंड्यापर्यंत नेलेल्या नाहीत. दोन पन्नासाव्या मजल्याला थांबतात, दोन सहासष्टाव्या, तीन नव्वदाव्या, आणि उरलेल्या दोनच वर जातात. त्यामुळे इमारत पायऱ्यापायऱ्यांची दिसते. त्याच शहरातील शंभर मजली जॉन हॅनकॉक सेंटरची रचनाही खान यांचीच. तिच्या दर्शनी अंगावर मोठमोठ्या फुल्या दिसतात, त्या शोभेच्या नाहीत. वाऱ्याचा जोर त्या अंगावर घेतात. खान १९८२ साली वारले आणि त्यांचे दफन शिकागोतच झाले.

या इमारती उत्तम दिसतात त्या नदीतून. शिकागो नदीतून फिरणाऱ्या नावांवर माहीतगार मनुष्य दोन्ही काठांच्या इमारतींची ओळख करून देतो, आणि हा कार्यक्रम प्रवाशांत फार लोकप्रिय आहे. मात्र नदीकाठच्या इमारतींपेक्षा खुद्द नदीची हकिकत अधिक नवलाची आहे. ही नदी उलटी वाहते.

झाले असे. नदी पूर्वी सरोवरात जाऊन मिळे. शहराची सगळी घाण नदीत, नदी सरोवरात आणि पिण्याचे पाणी सरोवरातून! पटकी आणि विषमज्वर पाचवीलाच पुजलेले. आधी गटारे घातली, तर जमीन इतकी सपाट की पाण्याला उतार मिळेना. म्हणून रस्तेच काही फूट उंचावले. मग घरे खड्ड्यात गेली, म्हणून घरेही उचलली! १८६० साली लेक स्ट्रीटवरची इमारतींची एक अख्खी रांग सुमारे सहाशे मजुरांनी हजारो जॅक एका तालात फिरवून वर उचलली, आणि त्या वेळी आत दुकाने चालू होती. एवढे करूनही पाणी गढूळच. अखेर शहराच्या पश्चिमेला २८ मैल लांबीचा कालवा खोदण्यात आला. पश्चिमेकडचा पाणलोटाचा उंचवटा अगदी किरकोळ होता. तो नदीच्या तळापेक्षा खोल कापला तेव्हा पाणी आपोआप त्या बाजूला ओढले गेले. सरोवराचे स्वच्छ पाणी नदीत आणि नदीचे पाणी कालव्यातून मिसिसिपीच्या खोऱ्यात, असा प्रवाह फिरला.

हे काम २ जानेवारी १९०० रोजी घाईघाईने उरकले. घाई कशाची? तर खालच्या अंगाच्या मिसुरी राज्याने कोर्टाचा मनाई हुकूम आणण्याच्या आत पाणी सोडायचे होते. मिसुरीने दावा लावलाच, आणि १९०६ साली सर्वोच्च न्यायालयाने पुरेसा पुरावा नाही म्हणून तो फेटाळला. स्थापत्यशास्त्राच्या पुस्तकांत या कामाची मोठी स्तुती असते, आणि ती योग्यही आहे. शिकागोतली माणसे त्यामुळे वाचली. परंतु घाण नाहीशी झाली नव्हती, ती दुसऱ्याच्या दाराकडे वळली होती. आमच्या गावच्या ओढ्यावरून मला हे पटकन कळते, कारण आम्ही ओढ्याच्या खालच्या अंगाला राहतो.

आता विवेकानंदांच्या सभागृहाकडे. ती सर्वधर्मपरिषद आजच्या आर्ट इन्स्टिट्यूट या कलासंग्रहालयाच्या इमारतीत भरली. त्या वर्षीच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने ही इमारत बांधली होती. भाषण झाले ते सभागृह तात्पुरते होते, ते आता नाही. पण इमारत आहे, दाराशी ब्रॉन्झचे दोन सिंह आहेत, आणि समोरच्या रस्त्याच्या एका भागाला विवेकानंदांचे नाव आहे. ३१ मे १८९३ रोजी ते निघाले होते मुंबईच्या बंदरातून. याच परिषदेत मुंबईहून ब्राह्मोसमाजाच्या वतीने बी. बी. नगरकर हेही बोलले होते. आपल्या स्पर्धकांना हे नाव ठाऊक असल्याचे दिसत नाही. मुंबईचे चित्रकार जितीश कल्लाट यांनी २०१० साली ११ सप्टेंबरलाच या इमारतीच्या भव्य जिन्याच्या पायऱ्यांवर ते संपूर्ण भाषण दिव्यांच्या अक्षरांत मांडले. अक्षरांचे रंग पाच, आणि ते अमेरिकन सरकारच्या दहशतवादविषयक धोक्याच्या इशाऱ्यांचे. असहिष्णुतेविरुद्धचे भाषण ११ सप्टेंबरचे, आणि न्यूयॉर्कवरचा २००१ चा हल्लाही ११ सप्टेंबरचा. पायऱ्या चढता चढता वाचायचे. ही मांडणी काही महिन्यांपुरती होती. संग्रहालयात कायम आहेत ती सरा याचे ठिपक्याठिपक्यांनी रंगवलेले रविवारच्या दुपारचे विशाल चित्र, ग्रँट वुडचे 'अमेरिकन गॉथिक' आणि हॉपरचे रात्रीच्या उपाहारगृहाचे चित्र. छापील चित्रावरून यांविषयी मत देणे धाडसाचे होईल.

संग्रहालयाच्या शेजारी मिलेनियम पार्क. तेथील 'क्लाउड गेट' हे शिल्प आज शिकागोची खूणच बनले आहे. त्याचे शिल्पकार अनिश कपूर यांचा जन्म १९५४ साली मुंबईत झाला. पोलादाचे १६८ पत्रे जोडून, सांधे दिसेनासे होईतो घासून हा दहा मीटर उंचीचा आरसा केला आहे. आकारावरून लोक त्याला 'घेवडा' म्हणतात. त्यात आकाश, इमारती आणि पाहणारे असे सगळेच वाकडेतिकडे दिसतात. तिकीट नाही.

बाकी संग्रहालयांचे थोडक्यात. फील्ड म्युझियममध्ये 'स्यू' नावाच्या टायरॅनोसॉरस रेक्सचा सुमारे बारा मीटर लांबीचा सांगाडा आहे. विज्ञान आणि उद्योग संग्रहालयात दुसऱ्या महायुद्धात ४ जून १९४४ रोजी पकडलेली खरी जर्मन पाणबुडी ठेवली आहे. नेव्ही पिअर या धक्क्यावर मोठा पाळणा आहे. जत्रेतल्या लोखंडी पाळण्याचा आजोबा याच शहरातला. १८९३ च्या प्रदर्शनात जॉर्ज फेरिस याने २६४ फूट उंचीचे चक्र उभारले होते. डबे ३६, प्रत्येकात माणसे ६०. पॅरिसच्या आयफेल मनोऱ्याला तोडीस तोड काहीतरी हवे, एवढ्या ईर्ष्येपोटी ते झाले.

सरोवराचा काठ हे शहराचे खरे वैभव. मैलोगणती किनारा बागांसाठी आणि वाळूच्या चौपाट्यांसाठी मोकळा ठेवला आहे, त्यासाठी कोर्टकज्जे झाले, आणि आज कोणीही तेथे पोहू शकतो. 'कोणीही' हा शब्द मात्र जपून वापरावा लागतो. २७ जुलै १९१९ रोजी यूजीन विल्यम्स हा सतरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा मित्रांबरोबर तराफ्यावर पोहत होता. काळ्यांनी कोठे पोहावे आणि गोऱ्यांनी कोठे, याची कोणत्याही कायद्यात नसलेली रेषा पाण्यात होती. तराफा वाहत वाहत त्या रेषेपलीकडे गेला. काठावरच्या गोऱ्या माणसाने दगड मारले आणि मुलगा बुडाला. पोलिसाने त्या माणसाला अटक करण्यास नकार दिला. त्यानंतरच्या दंगलीत ३८ माणसे मेली, त्यांत २३ कृष्णवर्णीय होती. २० मार्च १९२७ ला महाडचे चवदार तळे घडले, त्याच्या आठ वर्षे आधीची ही गोष्ट. पाण्याला रेषा कळत नाही, काठावरच्यांना कळते. किनाऱ्यावर त्या मुलाची स्मृतिशिळा आहे. प्रवाशांच्या याद्यांत ती मला आढळली नाही.

तशीच न आढळलेली दुसरी जागा म्हणजे हेमार्केट. आठ तासांच्या कामाच्या मागणीसाठी १ मे १८८६ रोजी अमेरिकेत संप सुरू झाला. त्याचा मोठा जोर शिकागोत होता. ३ मेला मॅकॉर्मिक यांच्या शेतीयंत्रांच्या कारखान्यापाशी पोलिसांनी गोळीबार केला. त्याच्या निषेधार्थ ४ मेच्या रात्री हेमार्केट चौकाजवळ सभा झाली. महापौर स्वतः येऊन पाहून गेले, सारे शांत होते. पावसाची चिन्हे दिसू लागल्याने गर्दी पांगत आली होती. शेवटचा वक्ता एका मालाच्या गाडीवर उभा राहून बोलत असता पोलिसांची तुकडी सभा उधळायला आली आणि कोणीतरी बाँब टाकला. बाँबने आणि नंतरच्या गोळीबाराने पोलीस मेले, कामगारही मेले. बाँब कोणी टाकला हे कधीच सिद्ध झाले नाही. तरी आठ पुढाऱ्यांवर खटला झाला. पार्सन्स, स्पाइस, फिशर आणि एंगेल हे चौघे ११ नोव्हेंबर १८८७ रोजी फासावर गेले. पाचवा, लिंग, आदल्या दिवशी कोठडीत मेला. उरलेल्या तिघांना गव्हर्नर अल्टगेल्ड यांनी १८९३ साली माफी दिली आणि खटला अन्यायाचा होता असे लेखी सांगितले. १८९३, म्हणजे प्रदर्शनाचे आणि सर्वधर्मपरिषदेचे तेच वर्ष. पुढच्या निवडणुकीत अल्टगेल्ड पडले.

माझे वडील बाजार समितीच्या आवारात हमाल आहेत. हा मजकूर मी त्यांना वाचून दाखवला. एक मे त्यांना चांगला ठाऊक आहे : सकाळी झेंडा, मग हमालांची सभा. पण शिकागो ठाऊक नव्हते. सगळे ऐकून दादा म्हणाले, "म्हंजे तिथं एक मेला लई मोठी मिरवणूक निघत असंल."

"नाही दादा, तिकडे एक मेला सरकारी सुटीच नसते," मी म्हटले.

त्यांना ते खरे वाटेना, आणि तसे ते चमत्कारिकच आहे. १८८९ साली पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने शिकागोतल्या त्या चळवळीवरून १ मे हा दिवस निवडला. जगभर तो पाळला जातो. अमेरिकेने मात्र १८९४ साली सप्टेंबरचा पहिला सोमवार कामगारांना सुटीचा म्हणून दिला. तो कायदा झाला तेव्हा शिकागोच्या दक्षिण भागात पुलमनच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्याचा संप पेटलेला होता, आणि काही दिवसांतच तो मोडायला केंद्र सरकारची फौज आली. पुलमनने कामगारांसाठी वसवलेली वसाहत आता राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे.

आपल्याकडेही हाच काळ. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली १८८४ साली, आणि रविवारची सुटी मिळाली १८९० साली. आपल्या राज्याचा माथाडी कायदा १९६९ चा. दादांना मी आठ तासांविषयी विचारले तेव्हा ते हसले. "तास कोण मोजतंय? गाडी आली की उतरायची," इतकेच म्हणाले. म्हणून शिकागोला जाणाऱ्याने १०३ व्या मजल्यावर जरूर जावे, पण डेसप्लेन्स स्ट्रीटवरही जाऊन यावे, असे माझे मत आहे. मध्यवर्ती भागापासून ते पायी अंतरावर आहे. तेथे २००४ साली स्मारक बसवले. ते पुतळा नाही. एक गाडी आहे, आणि तिच्यावर बोलणाऱ्या माणसांच्या आकृती. चौथऱ्यावर देशोदेशीच्या कामगार संघटनांनी आपापल्या पाट्या लावल्या आहेत.

शेवटी ग्रंथालय, कारण हा लेख ग्रंथालयात बसून लिहिला आहे. १८७१ च्या आगीनंतर इंग्लंडमधील लोकांनी शिकागोसाठी आठ हजारांवर पुस्तके जमवून पाठवली. गंमत अशी की ती ठेवायला शहरात सार्वजनिक ग्रंथालयच नव्हते! पुस्तके आली म्हणून ग्रंथालय काढावे लागले. १८७३ च्या जानेवारीत ते उघडले तेव्हा पुस्तकांना जागा मिळाली ती पाण्याच्या एका जुन्या लोखंडी टाकीत. पुढे १८९७ साली त्यासाठी संगमरवराची आणि रंगीत काचेच्या घुमटाची इमारत झाली. ती आता सांस्कृतिक केंद्र म्हणून सर्वांना विनामूल्य खुली आहे. आत जाऊन घुमट पाहावा, बसावे, कोणी हटकत नाही. ग्रंथालय १९९१ मध्ये नव्या इमारतीत गेले. तिला शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर हॅरॉल्ड वॉशिंग्टन यांचे नाव दिले आहे. २०१९ साली या ग्रंथालयाने उशिरा परत केलेल्या पुस्तकांवरचा दंड कायमचा रद्द केला. दंडाच्या धाकाने गरीब वस्त्यांतली मुले पुस्तक नेईनाशी होतात, हे त्यांच्या ध्यानात आले होते. दंड गेल्यावर वर्षानुवर्षे अडकलेली पुस्तके लोक आपण होऊन आणून देऊ लागले. आमच्या ग्रंथपाल सरांनी निदान हा परिच्छेद तरी वाचावा, अशी नम्र विनंती आहे.